प्लेको नर की मादी? उत्तर वारंवार चुकतं, तेव्हा तपासणी कुठून सुरू करायची

परवा संध्याकाळी शेजारचा मुलगा फोन पुढे धरत घरात आला. "काका, जोडी म्हणून दिले होते. आता दुकानदार म्हणतो, दोन्ही माद्याच असणार, नर वेगळा घ्या. तुम्ही बघा ना." फोटोत दोन तपकिरी ब्रिसलनोज प्लेको, म्हणजे मोठ्या नराच्या नाकावर मिशीसारख्या मांसल फांद्या येणारे टँकमधले मासे, काचेला चिकटून बसले होते आणि मिशी एकालाही नव्हती. मी फक्त लांबी विचारली. त्याने अंगठा आणि तर्जनीत अंतर धरून दाखवलं, चार सेंटिमीटर, फार तर साडेचार.

एवढ्या वयाच्या माशांना "जोडी" म्हणणं हा अंदाज होता आणि "दोन्ही माद्या" म्हणणं हाही अंदाजच आहे. या लांबीला नर आणि मादी बाहेरून सारखेच दिसतात.

गोव्यातल्या फोंड्यात मी बरीच वर्षं हे मासे पाळतोय आणि ओळखीच्यांकडून सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न हाच. वर्षभर वाट पाहिली, अंडी नाहीत. किंवा मादी म्हणून घेतलेल्या माशाला सहा महिन्यांनी मिशा फुटल्या. किंवा दोघे रात्रभर एकमेकांचे पर फाडतात. तक्रारी निरनिराळ्या असतात, पण चूक बहुतेक वेळा एकाच जागी झालेली असते. माणूस सगळ्यात आधी मिशी शोधतो. मिशी ही तिसरी पायरी आहे. पहिली पायरी माशाची जात आणि दुसरी त्याची लांबी. या दोन पायऱ्या गाळल्या तर कितीही बारकाईने बघितलं तरी उत्तर चुकणारच.

आधी जात पक्की करा

ही पायरी गाळल्यामुळे माझं जवळजवळ दीड वर्ष वाया गेलं. एका दुकानातून मी ब्रिसलनोजची जोडी म्हणून दोन पिल्लं आणली. एकाला आठव्या महिन्यात छान फांद्या फुटलेल्या मिशा आल्या. दुसऱ्याचं नाक शेवटपर्यंत गुळगुळीत राहिलं. म्हणजे ती मादी, असं मी धरून चाललो. ती वाढत गेली, बारा सेंटिमीटर, पंधरा, अठरा. मला वाटलं, मादी चांगली खातेय, अंड्यांनी भरतेय. एका रात्री टॉर्च मारला तेव्हा ती पाठीवरचा पर पूर्ण उभारून बसली होती, होडीचं शीड उभारावं तसा. मी परातल्या काड्या मोजल्या आणि सगळा उलगडा झाला. तो ब्रिसलनोज नव्हताच. तो साधा सकर होता, दुकानात "टँक क्लीनर" म्हणून मिळतो तो.

तुम्हीही मोजा, सोपं आहे. पाठीवरच्या पराची पहिली काडी जाड आणि टणक असते, ती सोडून द्यायची. तिच्या मागच्या मऊ काड्या मोजायच्या. ब्रिसलनोजला, म्हणजे अँसिस्ट्रस या वंशाच्या माशांना, त्या साधारण सात असतात. शीडवाल्या सकरला, म्हणजे टेरिगोप्लिक्थिसला, त्या नऊ ते चौदा असू शकतात आणि बहुतेक वेळा दहाच्या वरच भरतात. पर मिटलेला असताना मोजता येत नाही. मासा जागा बदलून थांबतो तेव्हा क्षणभर पर उघडतो, त्या वेळी फोनवर व्हिडिओ घ्या आणि थांबवून मोजा.

मासा सकर निघाला तर नर-मादीचा प्रश्न तिथेच सोडून द्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे. त्याला मिशा येत नाहीत. नर-मादीत बाहेरून भरवशाने सांगता येईल असा फरक नाही आणि घरच्या टँकमध्ये तो अंडी घालत नाही. निसर्गात हे मासे नदीच्या काठाच्या मातीत लांब बिळं खणून त्यात अंडी घालतात. तो ४० सेंटिमीटरच्या पुढे वाढतो, तेव्हा खरा प्रश्न त्याच्या जागेचा आहे. आणि जागा पुरत नाही म्हणून त्याला व्हाळात, तळ्यात किंवा खांडेपारच्या नदीत सोडू नका, ही माझी हात जोडून विनंती आहे. हा मूळचा दक्षिण अमेरिकेचा मासा. भारतात केरळपासून बंगालपर्यंत तो लोकांनी सोडून दिल्यामुळे पाण्यात पसरलाय. थोडं मचूळ पाणीही त्याला चालतं. बिळं खणणारा मासा मचूळ पाण्यात तग धरतो म्हटल्यावर मला आमच्या खाजनांच्या, म्हणजे खाडीकाठच्या बांध घालून राखलेल्या शेतजमिनींच्या, बांधांची काळजी वाटते. ते बांध पिढ्यान् पिढ्या माती घालून जपलेले आहेत. मासा दुकानदाराला परत द्या किंवा मोठा टँक असलेल्या माणसाला द्या. पाण्यात सोडू नका.

मग लांबी

जात ब्रिसलनोजच आहे हे ठरलं की फूटपट्टी घ्या. मासा बाहेर काढायची गरज नाही. तो पुढच्या काचेवर बसला की बाहेरून पट्टी लावायची आणि नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंत मापायचं. शेपटीचा पर धरायचा नाही, कारण लांब परांच्या जातीत तो मापच बिघडवतो.

चार सेंटिमीटरच्या आत काहीच ठरवू नका. पाचच्या आसपास नराच्या नाकाच्या कडेवर बारीक टोकं दिसायला लागतात, मोहरीच्या दाण्याहून लहान. याच वेळी काही माद्यांच्याही ओठाच्या वरच्या कडेला तशीच टोकं येतात आणि इथेच सगळ्यात जास्त लोक फसतात. सात-आठ सेंटिमीटरला चित्र स्पष्ट होतं. दहाच्या वर गेलेल्या नराबद्दल शंका उरत नाही.

वय मोजून फारसा उपयोग होत नाही. चांगलं खाणं आणि मोकळा टँक मिळाला तर पाच-सहा महिन्यांत टोकं दिसतात. गर्दीत वाढलेला मासा वर्षभरातही तिथे पोचत नाही. म्हणून मी वय विचारत नाही, माप विचारतो.

आता मिशी, पण ती कुठे आहे हे बघा

मिशी आहे की नाही, हा प्रश्न अर्धा आहे. ती कुठून उगवलीय, हे बघायचं. मादीला मिशा असल्याच तर त्या नाकाच्या कडेने एका ओळीत असतात, आखूड आणि फांद्या नसलेल्या. नराच्या मिशा कडेवर थांबत नाहीत. त्या नाकाच्या मधल्या भागातून वर चढतात, कपाळाकडे जातात आणि पुढे त्यांना इंग्रजी वाय अक्षरासारख्या फांद्या फुटतात. म्हणून समोरून काढलेला फोटो फसवतो. फोटो वरून काढा. वरून बघताना डोळ्यांच्या पुढच्या सपाट भागात मांसल टोकं उभी दिसली तर तो नर.

या मिशा मऊ असतात, मांसाच्या. गालांवर दिसणारे काटे ही निराळी गोष्ट आहे. घाबरला की प्लेको गालांवरचे कडक काटे बाहेर काढतो, छत्री उघडावी तसे. त्या काट्यांना मिशा समजून नर ठरवल्याचं मी अनेकदा पाहिलंय. काटे दोघांनाही असतात. नराचे लांब आणि दाट असतात, पण नुसते काटे दिसले म्हणून नर म्हणू नका. हे काटे म्हणजे त्वचेवर उगवलेले खरे दातच आहेत, आपल्या दातांसारखेच डेन्टिनचे. म्हणून ते जाळीत अडकतात. प्लेको पकडायला कापडी जाळी कधीही वापरू नका. काटे अडकले की मासा झटके देतो, गाल फाटतो, आणि जाळी कापून त्याला सोडवावं लागतं. प्लास्टिकचा डबा पाण्यात बुडवून त्यात हाकला आणि डब्यासकट उचला.

नराला मिशा कशासाठी असतात, यावर १९९९ साली शास्त्रज्ञांनी एक विचार मांडला आणि मला तो फार आवडतो. अँसिस्ट्रसमध्ये अंडी आणि पिल्लं बाप सांभाळतो. ज्याच्याकडे आधीच पिल्लं आहेत असा नर मादीला भरवशाचा वाटतो. डोक्यावरच्या या वळवळत्या मांसल फांद्या मादीला पिल्लांसारख्या दिसत असाव्यात, असा तो तर्क. अंधाऱ्या बिळाच्या तोंडाशी बसलेला नर टॉर्चच्या उजेडात बघितला की हा तर्क पटतो.

मोठ्या माशातही एक अडचण येते. एकाच टँकमध्ये दोन नर असतील आणि जागा अपुरी असेल तर दबलेल्या नराच्या मिशा खुरट्या राहतात. माझ्याकडे नऊ सेंटिमीटरचा एक मासा असाच मादी ठरला होता. त्याला दुसऱ्या टँकमध्ये एकटा ठेवला, स्वतंत्र बीळ दिलं, आणि दोन-अडीच महिन्यांत त्याच्या कपाळावर टोकं चढली. म्हणून दोन मोठ्या माशांत एकाला दाट मिशा आणि दुसऱ्याला नाकाच्या वर जेमतेम दोन-चार टोकं दिसत असतील, आणि दुसऱ्याचे पर सतत फाटलेले असतील, तर त्याला मादी म्हणायची घाई करू नका.

तरीही शंका असेल तर पोटाकडून बघा

हा उपाय मी शेवटी सांगतोय, पण आठ सेंटिमीटरच्या वरच्या माशात मला सगळ्यात जास्त भरवसा याचाच वाटतो. आणि मासा हातात न धरता हे जमतं.

रात्री दिवा बंद करण्याआधी तवशाची चकती घ्या, म्हणजे काकडीचीच, साधारण बोटभर जाड. ती स्टीलच्या काट्याला टोचून पुढच्या काचेला टेकवून ठेवा. अर्ध्या-पाऊण तासाने अंधारात मासा चकतीवर येतो आणि खाताना काचेला पोट लावून बसतो. आता टॉर्च समोरून मारू नका, काच चमकते आणि मासा पळतो. काचेच्या बाजूने तिरका उजेड टाका आणि फोन काचेला जवळजवळ टेकवून फोटो घ्या.

फोटो मोठा करून पोटाखालच्या परांच्या मागे बघा. आधी गुदद्वार दिसेल. त्याच्या लगेच मागे, शेपटीच्या बाजूला, एक छोटा उंचवटा असतो. नराचा उंचवटा अरुंद असतो आणि मागे टोकदार होत जातो. मादीचा रुंद, बोथट, गोलसर. अंड्यांवर आलेल्या मादीत तो थोडा फुगलेला असतो. एका माशावरून ठरवणं कठीण जातं. दोन-तीन माशांचे फोटो शेजारी ठेवले की फरक चटकन कळतो, तांदूळ आणि वाल शेजारी ठेवल्यासारखा.

काचेवर जमलंच नाही तर मासा पारदर्शक डब्यात घ्या. तो बुडेल इतकंच पाणी ठेवा, डबा डोक्याच्या वर धरा आणि खालून बघा. मिनिटभरात परत सोडा. हाताने उलटा धरू नका. छातीच्या परांचे काटे बोटात खोल घुसतात आणि माशालाही इजा होते.

पोटाच्या रुंदीवरून नर-मादी ठरवायची सवयही अनेकांना असते. वरून बघितलं तर अंड्यांनी भरलेली मादी परांच्या मागे रुंद दिसते, आणि नराचं डोकं रुंद असून पुढे शरीर निमुळतं होत जातं. हे खरं आहे, पण भरपेट तवशे खाल्लेला नरही सकाळी तसाच गोल दिसतो. म्हणून रुंदी बघायची असेल तर दिवसभर काही न घालता संध्याकाळी बघा.

मिशी न येणाऱ्या जाती

ब्रिसलनोजची खूण इतर प्लेकोंना लावून लोक अडकतात. क्लाऊन प्लेको, पॅनाकोलस मॅकस, जेमतेम आठ-नऊ सेंटिमीटरचा असतो आणि लाकूड कुरतडत राहतो. त्याच्या नराला मिशा कधीच येत नाहीत. त्याची खूण मागच्या बाजूला असते. शेपटीकडच्या अंगावर आणि छातीच्या पराच्या पहिल्या काडीवर बारीक केसांसारखे काटे उगवतात, तिरक्या उजेडात ब्रशसारखे दिसतात. मादीचं तेच अंग गुळगुळीत असतं. झेब्रा प्लेको, हिपॅनसिस्ट्रस झेब्रा, फक्त ब्राझीलच्या शिंगू नदीतला. त्याच्या नराचं डोकं रुंद, गालांचे काटे लांब आणि छातीच्या पराची पहिली काडी जाड आणि केसाळ असते. २०२३ पासून तो साइट्सच्या, म्हणजे धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर लक्ष ठेवणाऱ्या कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात आहे, तेव्हा कुणी स्वस्तात देऊ केला तर कागदपत्रं विचारा आणि नसतील तर घेऊ नका.

जोडी घेऊ नका, सहा पिल्लं घ्या

हे मी प्रत्येकाला सांगतो आणि पुन्हा सांगतो. तीन-चार सेंटिमीटरची "जोडी" असं काही नसतं. दोन पिल्लं घेतली तर दोन्ही एकाच लिंगाची निघण्याची शक्यता निम्मी असते. सहा घेतली तर सगळी एकाच लिंगाची निघण्याची शक्यता जवळजवळ तीन टक्के उरते. सहा लहान ब्रिसलनोज वाढवायला सुरुवातीला मोठा टँक लागत नाही. आठ सेंटिमीटरला आले की एक नर आणि दोन-तीन माद्या ठेवायच्या आणि जास्तीचे नर दुसऱ्या पाळणाऱ्याशी बदलून घ्यायचे. एका लहान टँकमध्ये दोन मोठे नर ठेवूच नका.

बिळासाठी बाजारातून काही आणायची गरज नाही. मी करवंटी वापरतो, पूर्ण घासून, उकळून, बाजूने फक्त माशाला आत शिरता येईल एवढं तोंड कापून. जुन्या घराचे नळे, म्हणजे अर्धगोल कौलं, असतील तर दोन नळे एकमेकांवर उपडे-उताणे बांधून आणि एक बाजू दगडाने बंद करून उत्तम बीळ होतं. डिचोलीच्या कुंभाराकडून मी एकदा एका बाजूने बंद अशा मातीच्या नळकांड्या करून घेतल्या, आतून झिलई न लावलेल्या. त्या सगळ्यात आवडीच्या ठरल्या. बीळ माशाच्या अंगाला घासेल इतपतच रुंद हवं. मोठं बीळ नराला आवडत नाही.

पाण्याच्या बाबतीत आपण गोवेकर नशीबवान आहोत. चिऱ्याच्या जमिनीतल्या विहिरींचं पाणी मऊ आणि किंचित आम्ल असतं, या माशांच्या मूळ नद्यांना जवळचं. नळाचं पाणी मात्र क्लोरिन काढूनच घाला. अडचण एप्रिल-मेची. टँकचं पाणी तीस अंशांच्या वर गेलं की प्राणवायू कमी होतो आणि हे मासे बिळं सोडून वर येतात. त्या दिवसांत झाकण काढून टेबलफॅनचा वारा पाण्यावर सोडा आणि हवेचा पंप रात्रीही चालू ठेवा. वीज गेली तर बॅटरीचा पंप हाताशी असू द्या. उन्हाळ्यात अंडी नाहीत म्हणून "दोन्ही माद्याच" असा निष्कर्ष काढू नका. माझ्याकडे बहुतेक वेळा पहिला पाऊस स्थिरावला की, जूनच्या शेवटी किंवा जुलैत, थंड पाण्याने अर्धा टँक बदलल्यावर दोन-तीन दिवसांत हालचाल सुरू होते.

आणि अंडी आली की सगळ्यात पक्की खूण आपोआप मिळते. दोन वर्षांपूर्वी चवथीच्या आदल्या रात्री, घरात गणपतीवर टांगायच्या फळापानांच्या माटोळीची बांधाबांध चाललेली असताना, मी टॉर्च घेऊन करवंटीत डोकावलो. आत नारिंगी अंड्यांचा घोस, एकेक दाणा तीन मिलिमीटरचा, आणि त्यावर मिशीवाला बसून परांनी सारखा वारा घालत होता. मादी टँकच्या दुसऱ्या टोकाला लाकडावर होती. ब्रिसलनोजमध्ये अंड्यांवर बसलेला मासा म्हणजे नर. त्याला तिथून हाकलू नका, बीळ हलवू नका. पाच-सहा दिवसांत अंडी फुटतात, पिल्लं पोटाची पिवळी पिशवी संपेपर्यंत बापाजवळच राहतात, आणि मग एका सकाळी काचेवर नखाएवढेही नसलेले प्लेको चिकटलेले दिसतात.

शेजारच्या मुलाला मी अजून एकही मासा विकत घेऊ दिलेला नाही. त्याच्या दोघांच्या पाठीवरच्या परातल्या काड्या आम्ही मिळून मोजल्या, दोन्हीकडे सात भरल्या, म्हणजे जात बरोबर आहे. माझ्याकडची चार पिल्लं त्याला दिली, सगळी साधारण त्याच मापाची. टँकच्या कोपऱ्यावर चिकटपट्टी लावून त्याने तारीख आणि सहाही माशांची लांबी लिहून ठेवलीय. पुढचं माप दिवाळीनंतर घ्यायचं ठरलंय. त्याच्या आज्जीने जाता जाता टँकमध्ये डोकावून विचारलं, "हो दादलो काय बायल?" तो म्हणाला, "आज्जी, अजून पाच सेंटिमीटरचा झाला नाहीय."